भिका बिन रामा

गेल्या मंगळवारी दुपारी घंगाळ मोडीत घालायला भांडी बाजारात गेले होते. तांब्याचं, एका कडीचं. दुसरी कडी मला कळतं तेव्हापासून नाही. भावाच्या नव्या घरात माळा नाही म्हणून ते माझ्याकडे आलं आणि माझ्या माळ्यावर बावीस वर्षं उपडं पडून राहिलं. गीझरच्या घरात घंगाळ म्हणजे पाहुणे येऊन न गेल्यासारखं.

दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं. चार किलो दोनशे. मग उचलून काठ अंगठ्याने घासला आणि म्हणाला, "ताई, नाव आहे यावर. बघून घ्या बरं. लोक विकून जातात आणि आठ दिवसांनी रडत येतात."

गल्ल्यावर कुणाच्या तरी जेवणातली लिंबाची फोड होती. ती त्याने काठावरून फिरवली. हिरवट काळ्या थरातून टिंबाटिंबांची अक्षरं वर आली. भिका. पुढे अर्धं अक्षर, रा असावं, आणि त्यापुढे पोचा.

भांड्यांवरची नावं वाचायची मला वाईट खोड आहे. कुणाकडे गेले की फुलपात्र तोंडाला लावायच्या आधी मी ते फिरवून बघते. आमच्या घरात एक डाव आहे, त्यावर 'सौ. सुमन हिस मामाकडून सप्रेम' असं आहे. आमच्या सात पिढ्यांत सुमन नाही. कुठल्या पंगतीतून आला, कोण जाणे. त्या सुमनकडे आमचा झारा असणार, अशी मनाची समजूत घातली आहे. लहानपणी लग्नाआधीचे आठ दिवस भांडी बाजार नाव घालण्याच्या आवाजाने किरकिरत असायचा. टर्रर्र, टर्रर्र. दाताच्या डॉक्टरकडे तोच आवाज येतो, पण त्यात लग्नाचा आनंद नसतो.

तर भिका. हे आमचे खापरपणजोबा, असं आम्ही धरून चालतो. सिन्नर तालुक्यातलं गाव, धंदा सुतारकीचा. ते एक दिवस घरातून गेले. कुठे, याची आजीकडे तीन उत्तरं होती आणि कुठलं मिळेल ते तिच्या गुडघ्यांवर अवलंबून असे. गुडघे बरे असले की भिका रेल्वेत मिस्त्री होऊन कल्याणला गेला. दुखत असले की गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुरात वाहून गेला. आणि फारच खोदून विचारलं तर, "शरणपूरला गेला नि बाटला. आता झोप."

त्याचा मी पहिल्यांदा माग काढला तो नऊ वर्षांची असताना. आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. पायऱ्या ओल्या, माझा नवा फ्रॉक मागून भिजलेला, आत्याने दंड घट्ट धरलेला. सगळं उरकल्यावर अण्णा आम्हाला उपाध्यायांच्या वाड्यात घेऊन गेले. गुरुजींनी विचारलं, "गाव? आडनाव?" एवढंच. मग भिंतीतल्या फडताळातून लाल बासन काढलं, गाठ सोडली. आत हातभर लांबीची वही. कडा माश्यांच्या पंखांसारख्या पातळ झालेल्या. पानं उलटताना ते बोटाला थुंकी लावत नव्हते, हे मला फार आवडलं होतं. आमच्या शाळेतल्या बाई लावायच्या.

"हे बघा. राघो भिका सुतार. शके 1829. मातुःश्रींच्या अस्थी घेऊन आले होते." खाली सही नव्हती. छोटीशी पटाशी काढलेली होती. लिहिता न येणाऱ्याची ती निशाणी. सुताराची पटाशी, कुणब्याचा नांगर, बाईचं काकण. गुरुजींनी मला काढूनही दाखवलं. शके 1829 म्हणजे 1907, हे अण्णांनी घरी जाताना टांग्यात बोटांवर मोजून सांगितलं.

मग अण्णांनी त्याच वहीत आपलं, काकांचं, माझ्या भावाचं नाव लिहिलं. मी विचारलं, माझं? गुरुजी हसून म्हणाले, "तुझं तुझ्या सासरच्या वहीत, बाळ." ते काही वाईट बोलले नाहीत. पण मी घरी आल्यावर माझ्या वाटीच्या तळाला करकटकाने स्वतःचं नाव कोरलं आणि मार खाल्ला.

पुढे नोकरी, संसार. मधली पंचवीस-तीस वर्षं भिकाची आठवण कुणाला आली नाही. मलाही नाही. निवृत्त झाल्यावर माणसं एकतर योगासनं करतात किंवा पूर्वज शोधतात. माझी कंबर धरलेली असते.

पहिली गंमत कळली ती नावाची. आधीची मुलं जगली नसली की पुढच्याचं नाव भिका, धोंडू, केरू असं काहीतरी टाकाऊ ठेवायचे, म्हणजे यमाचं लक्ष जात नाही. यमाचं जात नसे, तसं माझंही जाईना. कारण गावात भिकाच भिका. जुन्या मोडी कागदांत सात निघाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, ओळ एकदा सुरू झाली की पोस्टातल्या तारेसारखी धावत सुटते. 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना इतका भाव आला की मला वाचून देणारे गृहस्थ फोन उचलेनात. उचलला तेव्हा म्हणाले, "भिका बिन रामा, सुतार. हाच तुमचा." बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मी मात्र लहानपणीच्या 'बिनपाण्याने'वरून ते 'रामाशिवायचा भिका' असंच वाचते, आजही.

हाच आमचा कशावरून? धंदा जुळतो आणि बाकी सहा भिका सुतार नाहीत, यावरून. मी मान डोलावली. एवढ्या वर्षांनी खापरपणजोबा मिळत असतील तर कोण चौकशी करतं.

मग मृत्यूची नोंद. गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यासाठी एका कचेरीत पाच खेपा झाल्या. तिथला माणूस भला होता, वाळवी मात्र त्याच्याही आधीपासून कामावर होती. जेवढी पानं उरली त्यांत नाव, जात, वय आणि मरणाचं कारण. ताप. ताप. सदर. सदर. पटकी. ताप. सदर. एका बाजूला आख्खं पान नुसतं सदर सदर. कोतवालाचा हात दुखला असेल. मी ते पान वाचून बाहेर आले, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तो गार झाला तरी प्यायला सुचेना. भिका त्यात नव्हता.

आणि प्रत्येक ठिकाणी खिडकीतून पहिला प्रश्न तोच: गाव कोणतं, बापाचं नाव काय, साल कोणतं. अहो, तेच विचारायला आलेय ना मी!

खानेसुमारीत तरी सापडेल, असं वाटलं होतं. विलायतेत 1841 पासूनचे कागद आहेत. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा. शंभर वर्षं झाली की खुले होतात, 1921 चे 2022 मध्ये झाले. तिकडचे निवृत्त लोक खुर्चीत बसून पणजोबा काढतात. आपल्याकडे 1872 ला पहिली गणती झाली, मग 17 फेब्रुवारी 1881 ला सगळ्या देशाची एकदम. पण आपल्या हाती येतात ते छापलेले तक्ते, माणसं नाहीत. आताच्या गणतीतली माणसागणिक माहिती 1948 च्या कायद्याने बंदच आहे. 1901 ला नाशिक जिल्ह्यात 8,16,504 माणसं होती. दहा वर्षांपूर्वी होती त्याहून कमी. मध्ये दुष्काळ आणि प्लेग येऊन गेले होते. त्या आकड्याच्या शेवटच्या चारांत भिका असेल, असं मी उगाच ठरवून टाकलं आहे. आठ लाखांत कोण शोधणार, चारांत बरं पडतं.

राहिलं शरणपूर. आता ते नाव रस्त्याचं, सिग्नलचं, ट्रॅफिकचं. पण 1850 च्या दशकात तिथे मिशनची वस्ती झाली. गुलाम म्हणून विकायला नेलेली, वाटेत सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही तिथे ठेवली होती. शिकवत काय? अक्षरं, सुतारकाम, लोहारकाम. सुतारकाम म्हटल्यावर माझे कान टवकारले. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा हा बरोबर होता. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरलं. नंतर शवाबरोबर थेट लंडन गाठलं. आपल्या नाशकात शिकलेल्या पोराने! नाव कोरायचं त्याला कोणी शिकवलं असेल? मला तर भांडी बाजाराचाच संशय येतो. जेकबला मात्र हे नाव मागाहून मिळालेलं. आई त्याला काय म्हणायची, ते खोडावर नाही.

चर्चची नोंदवही मोठी व्यवस्थित. तारीख, नाव, आईबापांची नावं, राहणार कुठले, धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्यांत बहुतेक गोरेच. मी संगणकावर भिका सतरा तऱ्हांनी लिहून पाहिला. एक ई, दोन ई, एच घालून, एच काढून, एकदा 'व्ही'सुद्धा. नवरा म्हणाला, "बाप्तिस्मा घेतला असेल तर तो कशाला भिका राहील? तो जोसेफ झाला असेल." हे मला सहा महिने सुचलं नव्हतं. मी संगणक बंद केला आणि त्या रात्री मुगाची खिचडी टाकली.

दुकानात मी म्हटलं, नावाचा तेवढा तुकडा कापून द्या, बाकीचं मोडीत घ्या. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "कापायचे पैसे लागतील आणि वजनही घटेल." मी घंगाळ उचललं. रिक्षावाल्याने त्याचे वीस रुपये वेगळे घेतले.

घरी चिंच लावून नीट घासलं. चष्मा लावला, मग काढला. 'भिका'च्या पुढचं अक्षर रा नसावं असं वाटतंय. खाली ब चं पोट दिसतं, झिजलेलं. पोच्याच्या पलीकडे रफारासारखा एक आकडा शिल्लक आहे. रामाला रफार कशाला?

भिकाबाई.

मी मोबाइलचा दिवा आडवा धरून पुन्हा बघितलं. मग खूप वर्षांपूर्वी अण्णांनी उतरवून आणलेला वहीचा कागद काढला. राघो भिका सुतार, मातुःश्रींच्या अस्थी घेऊन. मातुःश्रींचं नाव नाही. राघो आणि भिकाच्या मध्ये बिनही नाही. मी इतकी वर्षं ते मनाने घालून वाचत होते.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, जुनं भांडं आहे, काहीही दिसतं." खरं आहे. सकाळच्या उजेडात ते बा दिसतं, संध्याकाळी ट्यूब लावली की रा.

घंगाळ सध्या बाल्कनीत आहे. मी त्यात पुदिना लावणार होते, पण भोक पाडवत नाही.