मग जिंकतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या भयपटांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि वुल्फ मॅन भिडतात, त्यात जिंकतं कोण?

कोणीच नाही. गावातला एक संतापलेला माणूस सुरुंग लावून धरण उडवतो आणि दोघंही लोंढ्यात जातात. 1943 चा ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ निकाल न लावताच संपतो. ज्या मारामारीसाठी लोकांनी तिकीट काढलं, ती शेवटी घाईघाईत उरकलेली.

तरी मी तो पुन्हा पुन्हा लावते. सुरुवात बघाच. दोन चोर टॅलबट घराण्याचं थडगं फोडतात, लॅरीच्या (हाच वुल्फ मॅन, पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस) शवपेटीवर पौर्णिमेचं चांदणं पडतं, आणि आतला हात एका चोराला धरतो. पुढे या लॅरीला (लॉन चेनी ज्युनियर) फक्त मरायचंय, तेही जमत नाही. इतका केविलवाणा राक्षस दुसरा नाही!

खरा गोंधळ दुसऱ्या राक्षसाचा. आदल्या वर्षीच्या सिनेमात त्याच्या डोक्यात इगॉरचा, म्हणजे त्याच्या दुष्ट साथीदाराचा, मेंदू बसवला होता आणि त्यापायी तो आंधळा झाला होता. इगॉर झाला होता बेला लुगोसी. म्हणून आता राक्षसही तोच, साठीला टेकलेला. आंधळा आणि बोलणारा राक्षस त्याने केला, चित्रीकरणही झालं. मग स्टुडिओने त्याचे सगळे संवाद कापले आणि त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. पडद्यावर उरला हात पुढे करून चाचपडणारा एक धिप्पाड प्राणी. का चाचपडतोय, हे प्रेक्षकांना कोणी सांगतच नाही. बिचाऱ्या लुगोसीचं हसं झालं.

आणि गंमत म्हणजे आज कुठलंही पोर फ्रँकेनस्टाइनचा राक्षस करून दाखवताना हात पुढे ताणूनच चालतं. 1931 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधला बोरिस कार्लॉफचा राक्षस काही सदा असा चालत नव्हता. म्हणजे कात्री चुकली, पण चाल अमर झाली. नीट बेतलेल्या सिनेमात असलं काही सापडत नाही, म्हणून मला हे ठिगळ लावलेले सिनेमेच आवडतात.

1944 च्या ‘हाऊस ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये तर ड्रॅक्युला निम्म्या वाटेतच उन्हाने संपतो, बाकीच्या दोघांशी त्याची गाठही पडत नाही. जाहिरातीत मात्र सगळे एकत्र!

बघायचेच असतील तर आधी 1941 चा ‘द वुल्फ मॅन’, मग 1943 चा हा. ‘हाऊस ऑफ फ्रँकेनस्टाइन’ रात्री, चार टवाळ मित्र जमवून.