तुमचे आकडे तुम्ही लोकांना का देता?

‘वर्षानुवर्षं उन्हापावसात फिरून आकडे जमवायचे आणि मागेल त्याला देऊन टाकायचे, हे तुम्हाला जमतं कसं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर नातेवाइकांपासून नव्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना मी ‘जमतं’ एवढंच उत्तर देते. प्रश्नात काळजी असते, आणि ‘भोळीच आहे ही’ असा सूरही.

माझं काम झाडं मोजण्याचं. जंगलातला एक तुकडा कायमचा आखलेला आहे आणि त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबराचा बिल्ला आहे. जमिनीपासून १.३ मीटरवर बुंध्याला टेप गुंडाळायची, घेर मोठ्यांदा वाचायचा, सोबत्याने तो पुन्हा उच्चारून लिहायचा, की पुढचं झाड. टेप कुठे लावायची त्या जागी रंगाची रेघ असते. एका वर्षी काही झाडांवरची रेघ पुसली गेली होती. आमच्यातल्या नव्या मुलाने अंदाजाने टेप लावली, ती चार बोटं खाली. बुंधा खाली जाड असतोच. कागदावर ती झाडं एका वर्षात अशी फुगली की जणू खत खाल्लंय.

आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आमचे आकडे घेऊन काम करणाऱ्या, हे जंगल कधीही न पाहिलेल्या एका संशोधकाच्या. ‘एकाच ओळीतली झाडं एकदम कशी वाढली?’ एवढाच मेल होता. मला आधी राग आला, मग लाज वाटली. आकडे कपाटात राहिले असते तर चूकही तिथेच सुखाने राहिली असती.

पण खरं कारण याहून मोठं आहे. एका जागेला स्वतःबद्दल फार थोडं कळतं. माझ्याकडे झाडं मरायला लागली तर तो दुष्काळ, कीड की सगळीकडेच चाललेला बदल, हे माझ्या तुकड्यावरून कसं सांगू? त्यासाठी दुसरीकडेही त्याच पद्धतीने मोजलेलं लागतं. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर आणि तमिळनाडूतल्या मुदुमलैत ५० हेक्टरचे प्लॉट आहेत. मुदुमलैचा १९८८ मध्ये आखला गेला. दोन्हीकडे १ सेंटिमीटर व्यासाच्या वरचं प्रत्येक खोड मोजतात, म्हणून तर त्यांची तुलना होते. या प्लॉटांखेरीज अमेरिकेत १९८० मध्ये सहा जागांपासून, वर्षानुवर्षं निसर्ग मोजत राहणाऱ्या केंद्रांचं एक वेगळं जाळं (एलटीईआर) सुरू झालं आणि १९९३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय रूप आलं. याच जाळ्यातल्या लोकांनी जगभर शेकडो ठिकाणी एकाच प्रकारच्या चहाच्या पिशव्या मातीत पुरल्या, एक हिरव्या चहाची, एक रुइबोस या आफ्रिकी झुडपाच्या चहाची. हिरवा भराभर कुजतो, रुइबोस रेंगाळतो. ठरलेल्या मुदतीने पिशवी उकरायची, वाळवायची, वजन करायचं. पोरखेळ वाटेल, पण पाचोळा कुठे किती वेगाने कुजतो हे एका मापाने कळायला याहून स्वस्त यंत्र मला माहीत नाही.

आणि मीही दुसऱ्यांच्याच आकड्यांवर जगते. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात १८४३ पासूनचे धान्याचे आणि मातीचे नमुने बाटल्यांत जपलेले आहेत. ज्यांनी ते भरले त्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. पुढे त्याच गव्हातून दोन बुरशींचा डीएनए काढला, तर त्यांचं आपसातलं प्रमाण हवेतल्या सल्फर डायऑक्साइडबरोबर वरखाली होत गेलेलं निघालं. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक या अभ्यासाच्या जंगलात १९६३ पासून पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी तपासतात. उत्तर अमेरिकेतल्या आम्ल पावसाचा छडा तिथे लागला. त्यातली मधली चार-पाचच वर्षं उचलली, तर कल उलटाही दिसू शकतो. इतक्या लांब नोंदींपुढे माझी उभी नोकरीही असा मधलाच एक तुकडा.

त्रास होत नाही असं नाही. एकदा आमच्या आकड्यांवर दुसऱ्यांचा निबंध आमच्या आधी छापून आला, आभारात आमची अर्धी ओळ. आता आकड्यांच्या संचालाही स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, त्यामुळे तो निबंधासारखा संदर्भात देता येतो. बढतीच्या वेळी मात्र अजून निबंधच मोजतात, आणि हे मला साफ चुकीचं वाटतं.

सगळंच देतो असंही नाही. दुर्मीळ ऑर्किड नेमकं कुठे आहे ते आम्ही धूसर करून देतो, नाहीतर आमच्या आधी तोडणारा पोचेल. माणसांबद्दलची माहिती तर त्याहून नाजूक. १९९७ पासून त्या अमेरिकी जाळ्यात बाल्टिमोर आणि फिनिक्स ही शहरंच अभ्यासाच्या जागा झाली. फिनिक्समध्ये २००३ साली दिसलं की ज्या वस्तीचं उत्पन्न जास्त, तिथे वनस्पतींची विविधताही जास्त. असं काही शोधायचं तर घराघरांत जाऊन विचारावं लागतं, आणि नाव-पत्ता काढून टाकला तरी छोट्या वस्तीत माणूस ओळखू येतो. शिवाय झाडाला आकडे परत सांगावे लागत नाहीत, माणसांना सांगावे लागतात. ते आपण फार कमी करतो.

आकडे देताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो शेऱ्यांवर. टेप कधी बदलली, मोजणारा कोण, न मोजलेल्या झाडापुढे लिहिलेला -९९९ म्हणजे ‘माहीत नाही’. एकाने तोच सरासरीत धरला आणि आमचं अख्खं जंगल उणे घेराचं करून दाखवलं. त्या फुगलेल्या झाडांपुढेही आता शेरा आहे. यंदा त्यांच्यावर मी नव्याने रेघ ओढली, पिवळ्या रंगाची, आणि तारखेसकट तेही लिहून ठेवलं.