दुपारी चारला वर येणारे मासे: शेततळ्याची ऑक्टोबरची नोंद

मासे पहाटे न येता दुपारी चारला वर का येतात, हे मागच्या नोंदीतले कोडे बव्हंशी सुटले आहे. उत्तर एका आकड्यात नव्हते, तर सकाळ-दुपार आणि वर-तळ अशा चार आकड्यांत विखुरलेले होते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो, की तळे नागपूरजवळच्या काटोल रस्त्याकडचे, काळ्या मातीतले आणि बिनअस्तराचे (प्लास्टिक न अंथरलेले) आहे. सध्या त्यात दोन मीटर, म्हणजे सुमारे ५०० घनमीटर पाणी आहे आणि कटला, रोहू व मृगळ असा माशांचा नेहमीचाच संच आहे. पावसाळ्यात लगतच्या सोयाबीनच्या वावरातून वाहून आलेल्या खतावर शेवाळ माजले आणि ऑक्टोबरच्या उन्हाने त्याला आणखी जोर आला. पाण्याचा गढूळपणा मोजायला सोडायची सेक्की चकती आता १८ सेंटीमीटरवरच दिसेनाशी होते.

शेवाळ कोणते, हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. काचेच्या बाटलीत पाणी भरून ती तासभर न हलवता ठेवली, तेव्हा हिरवा भाग तळाशी न बसता वर येऊन बारीक रव्यासारखा साचला. पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे असे तरंगणारे, खडेखडे दिसणारे शेवाळ म्हणजे बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस, अर्थात निळे-हिरवे शेवाळ.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, घसरला हे आपल्यापैकी कोणीही झोपेत सांगेल. माझ्याकडे मात्र पहाटे सारे शांत असे आणि दुपारी चारच्या सुमारास मासे वर येत. त्यातही सर्वांत आधी मृगळ, जो स्वभावाने तळाशी चरणारा मासा आहे. त्या वेळी पृष्ठभागाचा डीओ १३ मिलिग्रॅम प्रति लिटर होता. ३० अंश तापमानाला पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, हे लक्षात घेतले तर ही चैनच म्हणायची. कल्ले तपासले. ते तपकिरी नव्हते, त्यामुळे नायट्राइटच्या विषबाधेचा संशय मागे पडला. अंगावर आर्गुलस, म्हणजे माशांच्या उवा, दिसल्या नाहीत. कल्ल्यांवर चिकट स्राव मात्र नेहमीपेक्षा जास्त होता.

ओळखीच्या एका वयस्कर ढिवर (मासेमार समाजातल्या) काकांनी काठावर उभे राहूनच निदान केले: ‘तळातलं पाणी कुजलं, म्हणून मासा वर येते.’ अर्धे उत्तर त्यातच होते. काचेच्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, बाटली तळाजवळ पोहोचल्यावर झटका देऊन बूच काढले आणि बुडबुडे थांबल्यावर ती वर ओढली. पावणेदोन मीटर खोलीवरचा डीओ ०.६ निघाला. बाटली भरताना पाण्यात हवा मिसळतेच, त्यामुळे खरा आकडा याहूनही कमी असणार. दाट शेवाळामुळे ऊन खाली पोहोचत नाही, वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थरात मिसळतच नाही.

मग प्रश्न उरला, की वर प्राणवायूची रेलचेल असताना मासे बेचैन का? एकूण अमोनिया सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखाच, ०.८ मिलिग्रॅम. बदलत होता तो पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचा आकडा. पहाटे ७.८ असलेला पीएच दुपारी ९.४ वर जाई, कारण शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. पाणी तपासायच्या आपल्या किटमध्ये जो रंग येतो तो एकूण अमोनियाचा असतो. माशाला घातक असतो तो त्यातला मुक्त अमोनिया, आणि त्याचे प्रमाण पीएच व तापमान ठरवतात. पहाटे ते अवघे ४ टक्के होते, तर दुपारी सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे ०.०३ मिलिग्रॅमचे चार वाजेपर्यंत अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेले. ०.०५ च्या पुढेच कल्ल्यांना त्रास सुरू होतो, असे धरून चालणाऱ्यांनी या आकड्याकडे नीट पाहावे. वर अमोनिया, खाली गुदमरणे. इकडे आड तिकडे विहीर अशी माशांची गत झाली होती.

किटबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त पेनसारखे पीएच मीटर बहुधा ४ आणि ७ च्या बफर पुड्यांसह (मीटर जुळवायच्या ठरावीक पीएचच्या पुड्या) येतात, आणि आपल्याला काम असते ९ च्या आसपास. १० चा बफर वेगळा घ्यावा; तो नसेल तर थेंबांचे किट अधिक भरवशाचे. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांवर तर मी पैसे घालणार नाही.

पाणी हिरवे झाले की कळीचा चुना टाकण्याचा जो सरसकट सल्ला मिळतो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. काळी माती मुळातच चुनखडीयुक्त असते, माझ्या पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) लिटरमागे २२० मिलिग्रॅम आहे, आणि कळीच्या चुन्याने पीएच वर ढकलला की अमोनियाचे विष आणखी वाढते. शेवाळ मारणाऱ्या मोरचुदाचा हिशेबही करून पाहिला. अल्कलिनिटीला शंभराने भागण्याच्या नियमाने लिटरमागे २.२ मिलिग्रॅम, म्हणजे या तळ्याला १.१ किलो. पण एवढे शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपेल, अमोनिया वाढेल आणि फुटलेल्या पेशींतले विषही पाण्यात उतरेल. सिल्व्हर कार्प सोडण्याचा बेतही रद्द केला आहे. मायक्रोसिस्टिसच्या बुळबुळीत वसाहती त्याच्या आतड्यातून बऱ्याच अंशी जिवंत बाहेर पडतात, आणि वर कटल्याच्या खाद्यात वाटेकरी वाढतो तो वेगळाच.

उपाय म्हणून एरेटरची, म्हणजे पाणी ढवळून त्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची, वेळ बदलली. पहाटेची पाळी चालूच आहे, पण दुपारी बारा ते दोन असा आणखी एक फेरा सुरू केला, प्राणवायू घालण्यासाठी नव्हे तर थर मोडण्यासाठी. ढवळण्याची सुरुवात थोड्या-थोड्या वेळाने केली, कारण तळाचे कुजके पाणी एका दमात वर आणणे धोक्याचे असते. आता चार वाजता पृष्ठभागाचा पीएच ८.९ पर्यंतच जातो, तळाचा डीओ अडीचवर आला आहे आणि मृगळ पुन्हा तळाशी राहू लागला आहे. फेकजाळे टाकल्यावर आलेला मृगळ गढूळ चिखलाने माखलेला होता. त्या चिखलाचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

अमोनिया मात्र अजून आहे. शेंगदाणा ढेप आणि कोंडा निम्म्यावर आणला आहे. पुढचा विचार गुळाचा आहे. एक ग्रॅम एकूण अमोनिया जिवाणूंनी पचवावा यासाठी साधारण २० ग्रॅम साखरयुक्त पदार्थ लागतो. तळ्यात ४०० ग्रॅम अमोनिया, म्हणजे नागपूरच्या इतवारी बाजारातला काळा गूळ ८ किलो. तो एकदम टाकता येणार नाही, कारण एक किलो गूळ पचताना सुमारे अर्धा किलो प्राणवायू जातो, म्हणजे या तळ्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम. त्यामुळे रोज एक किलो, ऊन चढल्यावर, एरेटर चालू ठेवून.

हे लिहिताना विजेची अडचण डोळ्यांसमोर आली. शेतीची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीच्या पाळीत दुपारचे ढवळणे कसे जमणार? शेजारच्या संत्र्याच्या बागेतला सौर पंप पावसाळा नुकताच संपल्याने रिकामा आहे, आणि थर घट्ट होतात ते नेमके कडक उन्हात, जेव्हा हा पंप पूर्ण क्षमतेने चालतो. त्याचा पाइप तळाशी सोडून पाणी वर फवारायचे. तासाला दहा हजार लिटर धरले, तर पाच तासांत खालच्या सव्वादोन लाख लिटरच्या थरातला पाचव्या भागाहून थोडा अधिक भाग वर येतो. रोज इतके झाले तरी थर जमणार नाही असे वाटते. म्हणून गूळ आठवडाभर लांबणीवर टाकून आधी हाच प्रयोग करतो. असा पंप ज्यांनी चालवला असेल, त्यांनी पाइपचे तोंड गाळापासून किती उंच ठेवले ते जरूर कळवावे.