पाऊस लक्षात ठेवून पाहिलेलं फोंतेन्यास

पणजीचं कदंब बसस्थानक पाट्टो भागात आहे. तिथून उरें खाडीवरचा लहानसा पूल ओलांडला की टेकडीच्या पायथ्याशी पिवळ्या, निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या घरांची रांग दिसू लागते. हेच फोंतेन्यास, पणजीची पोर्तुगीज काळातली जुनी वस्ती. चालत जेमतेम दहा मिनिटं. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्थानक सुमारे १२ किलोमीटरवर आहे. स्वतःची गाडी असेल तर ती पाट्टोलाच ठेवा. आतल्या गल्ल्यांत एक गाडी थांबली की मागची अडते, मग हॉर्न सुरू होतात आणि वरच्या सज्जातून कुणीतरी वैतागून डोकावतं.

जायची वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. आल्तिन्होची टेकडी वस्तीच्या पश्चिमेला आणि खाडी पूर्वेला, त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेल्या घरांवर सकाळचं कोवळं ऊन थेट पडतं आणि रंग खरे दिसतात. दुपार कलली की टेकडी ऊन अडवते आणि गल्ल्या लवकर सावलीत जातात. संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशाच्या आशेने पाचला पोचणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. दुपारी एकच्या सुमारास दुकानं बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. रविवारी तर बरीचशी उघडतच नाहीत.

सकाळी जाण्याचं दुसरं कारण म्हणजे पोदेर. सायकलच्या कॅरिअरला मोठी वेताची टोपली, तिच्यावर प्लास्टिक किंवा जाड कापड, आणि हँडलला रबरी भोंगा. तो ‘पों पों’ ऐकू आला की दारं उघडतात. कुणी थेट पायरीवर येतं, कुणी वरून दोरीने पिशवी सोडतं. हा पाववाला सकाळी येतो आणि चहाच्या वेळी पुन्हा. ‘पोदेर’ हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून आला, आपला ‘पाव’ही त्याच घरचा. टोपलीत काय आहे ते ओळखता आलं पाहिजे, नाहीतर ‘पाव द्या’ म्हणून मोकळे व्हाल आणि खरा माल टोपलीतच राहील. चौकोनी, मऊ, एकमेकांना चिकटलेला तो पाव. वरून कडक, गोलसर आणि मधे चीर असलेला उंडो. कात्रीने कापून फुलपाखरासारखा केलेला तो कातरो. बांगडीच्या आकाराचं, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारं ते कांकण. आणि कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ अशी ती पोयी.

मला विचाराल तर पोयीच घ्या. तिचं पीठ जाडसर, कोंड्यासकटचं असतं. लाटीसारखी चपटी करून ती लाकडावर तापवलेल्या भट्टीत टाकली की वरचा आणि खालचा पृष्ठभाग आधी धरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दोन पदर सुटे होतात. म्हणूनच ती खिशासारखी उघडते आणि भाजी भरायला सोयीची पडते. भट्टी पुरेशी तापली नसेल तर पोयी फुगत नाही, आत नुसता ओलसर गर राहतो. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झालेत आणि बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात, त्यामुळे तो किंचित आंबूस वास क्वचितच मिळतो. घेतलेली पोयी कापडी पिशवीत ठेवा. गरम असताना प्लास्टिकमध्ये बांधली तर वाफ आतच कोंडते आणि पापुद्रा चामड्यासारखा चिवट होतो. घेताना ‘कितले?’ आणि निघताना ‘देव बरें करूं’ एवढी कोंकणी आली तरी पोदेराच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

आता घरांकडे. बहुतेक पाहुणे रंग पाहतात आणि पुढे सरकतात. पण या वस्तीतली प्रत्येक देखणी गोष्ट मुळात पावसावरचा इलाज आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंती जांभ्याच्या. जांभा म्हणजे छिद्रांचा दगड, स्पंजासारखं पाणी पिणारा. त्याला कोरडं राखायचं तर प्यालेलं पाणी पुन्हा बाहेर पडायला वाट हवी. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग ती वाट देतात.

हा रंग दरवर्षी द्यावा लागतो, म्हणून तो दरवर्षी ताजा दिसतो. रंगाचा हात पाऊस संपल्यावर, भिंत काही आठवडे सुकल्यावर द्यायचा. दिवाळी ते नाताळ ही त्याची वेळ. चुनकळी पाण्यात विरवून दोन-तीन दिवस मुरू द्यायची, फडक्यातून गाळायची आणि दुधाइतकी पातळ करायची. त्यात पिवडी, गेरू किंवा नीळ आणि धरून राहण्यासाठी थोडा डिंक. भिंतीवर आधी पाणी मारायचं, मग दोन-तीन पातळ हात. ओला असताना रंग भडक दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो, तेव्हा कोपऱ्यात हातभर जागा रंगवून, वाळू देऊन मगच पुढे जायचं. भर उन्हात लावलेला चुना धरण्याआधीच सुकतो आणि नुसत्या टेकलेल्या बाहीवर त्याची पूड येते. जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. निळ्या भिंतीला दारं-खिडक्यांभोवती पांढरी चौकट असते ती हाताने ओढलेली. नीट पाहिलं तर सरळ रेषा कुठेतरी बोटभर वळलेली सापडते.

अलीकडे कष्ट वाचवायला अनेकांनी प्लास्टिक रंग लावले. कुठे लावलाय ते ओळखायला भिंतीचे खालचे दोन-तीन फूट बघा. जमिनीतली ओल जांभ्यातून वर चढते, रंगाच्या पडद्यामागे अडकते आणि मग फुगे, सुटलेली सालं आणि पांढरा लोणा, म्हणजे वर आलेला क्षार. सिमेंटचा गिलावा असेल तर तोही पोकळ वाजू लागतो. शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर शेवाळाचा डाग असतो फार तर, पण साल सुटलेली नसते. हे दोन शेजारी एका नजरेत दिसले की वेगळं काही सांगावं लागत नाही.

खिडक्यांसाठी मात्र थांबावंच लागतं. जुन्या घरांत काचेऐवजी शिंपले आहेत. प्लाकुना प्लासेंटा नावाचा चपटा, जवळजवळ पारदर्शक कालव खाडीच्या चिखलात वाढतो. त्याच्या कवचाचे साधारण तीन इंचांचे चौकोनी तुकडे करून बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवतात. खिळा नाही, डिंक नाही. त्यामुळे एक तुकडा फुटला तर पट्टी सैल करून तेवढाच बदलता येतो. आतून पाहिलं तर प्रकाश दुधी होऊन येतो, उन्हाचा चटका येत नाही. पावसाची झड आली तरी पाणी शिंपल्यावरून ओघळून खाली जातं. बारकाईने पाहिलं तर प्रत्येक तुकड्यावर वाढीच्या वर्तुळाकार रेषा दिसतात, आणि शेजारच्या तुकड्यांत त्या कधीच जुळत नाहीत.

बिघाडही ठरलेले. शिंपल्याचे थर सुटतात आणि तो अभ्रकासारखा पापुद्र्यांनी उलतो. लाकडाला वाळवी लागली की पट्ट्या खचतात. काही घरांत चौकटीला ऑइल पेंट देताना शिंपल्यांवरही ब्रश फिरवलेला असतो आणि मग आतला उजेडच गेला. साफ करायला मऊ ब्रश किंवा कोरडं फडकं पुरतं. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड यांनी शिंपला विरघळतो, कारण तो शेवटी चुनाच आहे. हे कालव आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून दुरुस्तीला पाडलेल्या जुन्या घरांतले तुकडेच वापरावे लागतात. प्रत्येक फुटलेला शिंपला त्यामुळे महागात पडतो.

वर छपरं मंगळुरी कौलांची. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. मे महिन्यात छपरावर माणसं दिसली तर ती शाकारणी: फुटकी कौलं बदलणं, सरकलेली जागेवर बसवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीतला पाचोळा काढणं. पाचोळा राहिला तर पाणी पन्हळीतून उलटं फिरून कौलांखाली शिरतं आणि डाग बरोबर दिवाणखान्याच्या छतावर उमटतो. जूनपासून सज्जांना झडीसाठी प्लास्टिक बांधतात, पूर्वी माडाची झापं असायची. फोटोला ते कुरूप दिसतं, पण रंगही वाचतो आणि लाकूडही. गोव्याच्या गावातल्या घरांपुढचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा छपराखालचा ओटा, आणि त्याचे सोपे, म्हणजे बसायची बाकं, इथे फारसे शोधू नका. इथली घरं भिंतीला भिंत लावून उभी, अंगणाला जागाच नाही, म्हणून बसायची जागा वर रस्त्यावर झुकलेल्या सज्जात गेली.

रस्त्यांच्या पाट्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजु टाइलच्या. हाताने रंगवताना कोबाल्टचा रंग काळसर-राखाडी असतो, भट्टीत भाजल्यावरच तो निळा होतो. म्हणजे रंगवणाऱ्याला चूक दिसते ती दुरुस्तीची वेळ गेल्यावर. ‘रुआ ३१ द जानेइरु’ ही पाटी पाहून वाटाडे सांगतात की पोर्तुगाल त्या दिवशी स्पेनपासून मोकळा झाला. तो दिवस १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी ही १८९१ मध्ये पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवादी उठावाची तारीख, आणि खुद्द पोर्तुगालमध्येही याच नावाचे रस्ते त्यासाठीच आहेत. पणजीत तारखांचे रस्ते आणखीही आहेत. १८ जूनचा रस्ता मात्र आपल्या बाजूचा: १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला केलेल्या सत्याग्रहाचा.

दक्षिण टोकाला सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल. आतला क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, पुढे पणजीच्या आदिलशाही वाड्यातून १९१८ मध्ये इथे आला. येशूचे डोळे उघडे आणि मान ताठ आहे, एवढं पाहण्यापुरतं तरी आत जा. प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहायचं, मोबाइल खिशात. जवळच रंगीत कोंबडे बसवलेली विहीर आहे. ते पोर्तुगालच्या बार्सेलुशचे कोंबडे. तिच्याभोवती फोटोसाठी रांग असते, मी ती सोडून देतो.

फोटोंबद्दल इथली मंडळी कावलेली आहेत, आणि बरोबरच आहे. काही दारांवर ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या आहेत. रस्त्यावरून अख्ख्या रांगेचा फोटो घ्या, पण पायरीवर बसणं, दाराच्या मुठीला हात लावणं, खिडकीतून आत कॅमेरा रोखणं नको. आत कुणीतरी चहा पीत बसलेलं असतं. समोर आजोबा किंवा आजी दिसल्या तर आधी ‘देव बरो दीस दीवं’ म्हणा, मग विचारा. नाही म्हणाल्या तर पुढे व्हा.

चॅपेलकडून टेकडीच्या कडेने गेलं की मळा हा भाग लागतो. तिथे ज्यावरून वस्तीला नाव पडलं तो झरा, फोंत फिनिक्स, आणि वर चढणीवर मारुतीचं देऊळ. झऱ्यावरून खाडीकडे उतार बघत चालत या. मळ्यात आणि फोंतेन्यासच्या सखल गल्ल्यांत जोरदार पावसात पाणी का तुंबतं ते पायांनाच कळतं: टेकडीवरचं सगळं पाणी याच वाटेने खाडीत जायचं असतं, आणि नेमकी भरती असली तर खाडी ते घेत नाही. म्हणून जुलैत जाणार असाल तर पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही बघून निघा, चामड्याच्या चपला घालू नका, आणि पाणी घोट्याच्या वर आलं की उघड्या गटारांच्या कडेने न जाता रस्त्याच्या मधून चाला. घराघरांच्या उंबऱ्याशी तेव्हा लाकडी फळ्या लावलेल्या दिसतील. ओहोटी लागली की तासा-दोन तासांत गल्ली मोकळी होते, आणि चारच्या सुमारास भोंगा वाजवत पोदेर पुन्हा येतो, टोपलीवर दुहेरी प्लास्टिक बांधून.