फवारणीचं विमान

आज सातवीला महिला वैमानिकांबद्दल सांगत होते. कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धाच, पण होत्या त्या पोरी पुढे सरकून बसल्या.

1994 मध्ये हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचं अ‍ॅव्रो विमान एकटीने उडवलं, हे सांगितलं. 1999 ला कारगिलच्या डोंगरांत गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता हेलिकॉप्टर नेत होत्या, तेही. पण खरा गलका झाला तो रशियन पोरींच्या गोष्टीवर. दुसऱ्या महायुद्धात त्यांची अख्खी बायकांची रेजिमेंट होती, मेकॅनिकसुद्धा बायाच. विमान लाकूड-कापडाचं, मुळात शिकण्यासाठी आणि शेतावर फवारणीसाठी वापरलं जाणारं पीओ-2. रात्री लक्ष्याजवळ इंजिन मंद करायचं, तरंगत जायचं, बॉम्ब टाकायचा. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणत.

"फवारणीच्या विमानानं लढाई? मंग आमाले काहून नाही जमणार?" मागून एक पोरगी बोलली. तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे होते, सकाळी वेचून आली होती. मला भरून आलं हो!

2016 ला अवनी चतुर्वेदी, भावना कंठ, मोहना सिंह लढाऊ वैमानिक झाल्या. 2022 पासून मुलींना एनडीएतही, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही, प्रवेश आहे. तिथून हवाई दलात जायला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. आमच्याकडे सायन्स तालुक्यालाच, आणि दहावीनंतर पोरी घरी बसवल्या जातात, याचा मला फार राग येतो.

एनडीएची तयारी करून घेणारं कोणी ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये नक्की कळवा. पालकांची सभा लावतेय.