एवढा अवघड किल्ला, तरी पडला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साताऱ्याला पाहुणे आले की मी त्यांना अजिंक्यताऱ्यावर नेतो, आणि दरवाज्यापाशी दम खायला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "एवढा अवघड किल्ला, मग औरंगजेबानं घेतला कसा?" प्रश्नात जरा नाराजी असते. आपल्याच माणसांनी कुठंतरी ढिलाई केली असणार, असा सूर. तशी ती केली नव्हती.

आधी किल्ला नीट बघा. बहुतेक लोक गाडी वर घालतात, दरवाज्यातून भराभर आत शिरतात आणि शहराचे फोटो काढत सुटतात. तो देखावा यवतेश्वराच्या घाटातूनही दिसतो. बघायचा तो दरवाजा. दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की खालून तो नेमका कुठं आहे हे कळू नये. वाट वळण घेत येते, म्हणजे हत्तीला धाव घेऊन टक्कर मारायला जागाच नाही. आणि चढणाऱ्याच्या डोक्यावर दोन्हीकडून मारा. त्यातून आत आलात तरी पुढं दुसरा दरवाजा आहेच.

पण खरी तटबंदी माणसानं बांधलेली नाही. डोंगराच्या माथ्याखाली काळ्या कातळाचा चाळीसेक फुटांचा उभा कडा आहे, दगडी तट त्यावर चढवलाय. खालून तोफ डागली तर गोळा कातळावर फुटणार. वर पाण्याची तळी आहेत, त्यामुळं तहानेनं किल्ला सोडावा लागेल असंही नाही. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या नावावर हा किल्ला सांगतात. जागा ज्यानं कुणी हेरली, त्याची नजर पक्की होती एवढं खरं.

औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये पायथ्याशी आला. स्वतःचा तळ करंज्याला, शहापूरच्या बाजूला शहजादा आझम, आणि मंगळाईच्या बुरुजासमोर तरबियतखान. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू, शिवछत्रपतींच्या काळापासूनचा माणूस. मोगल चढायला लागले की वरून धोंडे लोटायचे. उतारावरून सुटलेला धोंडा तोफेच्या गोळ्याइतकाच माणसं मारतो, आणि त्याला दारू लागत नाही. चार-साडेचार महिने असेच गेले. शेवटी तरबियतखानानं मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग खणले. एप्रिल १७०० मध्ये पहिला उडाला तेव्हा तट आतल्या बाजूला कोसळला, बरेच मराठे गाडले गेले. प्रयागजीही ढिगाऱ्याखाली गेला, पण उकरून काढला तर जिवंत! मग दुसरा सुरुंग उडाला, आणि तो उलटला. तट बाहेर ढासळला तो थेट हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगलांवर. दोनेक हजार माणूस तिथं मेल्याचं सांगतात. आज मंगळाईच्या देवळापाशी सकाळी फिरायला आलेली मंडळी निवांत बसलेली असतात. मी मात्र तिथं पाहुण्यांना मुद्दाम कड्याच्या बाजूला नेतो, कारण हा मजकूर खाली वाकून बघितल्याशिवाय समजत नाही.

म्हणजे तट फुटूनही त्या दिवशी किल्ला पडला नाही. पडला त्यानंतर काही दिवसांनी, तह करून. कोठारातलं धान्य संपत आलं होतं. आझमला पैसे चारून परळीहून रसद आत घेतली जात होती असंही म्हणतात, पण तसं किती दिवस भागणार? त्यात मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. औरंगजेबानं किल्ल्याला नाव दिलं आझमतारा आणि मोर्चा वळवला परळीकडं, म्हणजे आपल्या सज्जनगडाकडं.

पाहुण्यांचं इथं समाधान होतं, पण मी त्यांना पुढचंही ऐकवतो, कारण मला ते जास्त आवडतं. पाच-सहा वर्षांत किल्ला परत आपल्याकडं आला, आणि तोही तट न चढता. अण्णाजीपंत नावाचा एक माणूस जिंजीच्या कैदेतून सुटलेला. भिक्षेकरी होऊन तो साताऱ्याच्या शिबंदीत भर घालायला निघालेल्या मोगल शिपायांच्या घोळक्यात मिसळला. गोष्टी सांगून, गाणी म्हणून त्यांना इतकं रिझवलं की त्यांनी त्याला किल्ल्यावरच ठेवून घेतलं. वर बसून त्यानं सगळं हेरलं आणि मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक यांच्याशी संधान बांधून मावळे आत घेतले. गाणी ऐकणाऱ्या त्या शिपायांतला एकही वाचला नाही म्हणतात.

पुढं शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, तेव्हा किल्ला ताराबाईंच्या बाजूनं परशुरामपंत लढवत होते. शाहूंनी किल्ल्यातल्या शेख मिरा या अधिकाऱ्याची वाईतली बायकामुलं ताब्यात घेतली आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली. शेख मिरानं पंतांना कैद केलं आणि दरवाजा आतून उघडला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला.

आठ वर्षांत तीनदा धनी बदलला: एकदा भुकेनं, एकदा गाण्यांनी, एकदा बायकामुलांपायी. त्यामुळं ढिलाई कुणाची, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, शेख मिराच्या जागी तुम्ही असतात तर? बहुतेक जण यावर पाण्याची बाटली काढतात.