बँकेरो–वॅग्नर मॉडेल: दोघांचं श्रेय वेगळं करण्याची गाठ थोडी सैल झाली

गेल्या नोंदीत मॉडेल जिथे अडकलं होतं, तिथून ते आता पुढे सरकलं आहे. प्रश्न तोच: एनबीएमधल्या ऑर्लँडो मॅजिक या बास्केटबॉल संघाची पाओलो बँकेरो आणि फ्रान्झ वॅग्नर ही जोडी विजेतेपद मिळवू शकते का? पण या प्रश्नाच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडलेला होता आणि सगळा वेळ त्यानेच खाल्ला: हे दोघं बहुतेक वेळ एकत्रच खेळतात, मग कोणाच्या पदरात किती श्रेय टाकायचं?

आरएपीएम (कोण मैदानावर असताना गुणांचा फरक किती पडतो यावरून प्रत्येक खेळाडूचा वाटा काढणारी पद्धत) ज्यांनी स्वतः चालवलं आहे त्यांना लक्षण लगेच ओळखू येईल. प्रत्येक ओळ म्हणजे एक स्टिंट (मैदानावरचे दहा जण न बदलता खेळलेला तुकडा), हल्ला करणाऱ्या पाच जणांना +१, बचाव करणाऱ्या पाच जणांना −१, वजन पझेशनचं, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या खेपांचं. २०२३-२४च्या ओळींवर रिज (प्रत्येकाचा वाटा शून्याकडे ओढून आवरणारं गणित) चालवलं आणि लॅम्डा, म्हणजे त्या ओढीचा जोर, पायरी-पायरीने वाढवत नेला, तर दोघांच्या वाट्यांची बेरीज जवळपास जागेवर राहते, फरक मात्र कधी इकडे कधी तिकडे झुकतो. तबला आणि डग्गा कायम एकत्र वाजत असतील तर नुसत्या ठेक्यावरून एकेका हाताची तयारी कळत नाही, तसंच हे. माहितीच नसेल तर रिज श्रेय निम्मं-निम्मं वाटून मोकळं होतं, आणि तक्त्यात ते आकडे इतके समजूतदार दिसतात की शंकाही येत नाही.

वाट निघाली ती २०२४-२५च्या दुखापतींमुळे. चाहत्यांसाठी तो मोसम त्रासाचा होता, मॉडेलसाठी मात्र सोन्यासारखा. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस बँकेरोचा ऑब्लिक स्नायू फाटला, तो परतला १० जानेवारीला. डिसेंबरच्या सुरुवातीला वॅग्नरलाही तीच दुखापत झाली, तो परतला जानेवारीच्या उत्तरार्धात. म्हणजे एकाच मोसमात चारही अवस्था मिळाल्या: फक्त वॅग्नर, दोघंही नाहीत, फक्त बँकेरो, आणि पुन्हा दोघं. अशा ओळी मुद्दाम मागून मिळत नाहीत.

इथे कच्च्या ऑन-ऑफवर (खेळाडू मैदानावर असताना आणि नसताना संघाच्या आकड्यांत पडणाऱ्या फरकावर) उडी मारू नका. वॅग्नर एकटा होता त्या काळात संघातले जेलन सग्ज आणि मॉरिट्झ वॅग्नर दोघंही हाताशी होते. बँकेरो परतला तोवर मॉरिट्झचा गुडघ्याचा लिगामेंट फाटून मोसम संपलेला होता आणि सग्जही पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. शिवाय बँकेरो स्वतः मोठ्या विश्रांतीनंतर नुकताच उतरला होता. कच्चा आकडा त्याच्यावर अन्याय करणारच.

आणि बँकेरो एकटा होता ते दोन आठवडे म्हणजे फारच थोडा नमुना. एका पझेशनमागच्या गुणांचं प्रमाण-विचलन साधारण १.१५ धरा. त्या काळातली बँकेरोची पझेशन दोन्ही टोकांना (हल्ला आणि बचाव) ५००-५०० धरली, तर एका टोकाची शंभर पझेशनमागची प्रमाण-चूक ११५ भागिले ५००चं वर्गमूळ, म्हणजे ५.१, नेट रेटिंगसाठी (केलेले गुण वजा दिलेले गुण) दोन्ही टोकं जोडली की ७.३. शंभर पझेशनमागे सात गुणांची चूक! नमुना २,००० पझेशनवर नेला तरी ती ३.६च्या खाली येत नाही. म्हणून या ओळी एकट्या वाचायच्या नाहीत, तीन मोसमांच्या मोठ्या तक्त्यात मिसळूनच वाचायच्या.

शेवटी उपयोगी पडली ती युक्ती अशी. बँकेरो आणि वॅग्नर असे दोन स्तंभ ठेवण्याऐवजी त्यांची बेरीज आणि त्यांचा फरक असे दोन स्तंभ करा, दोन्हींना २च्या वर्गमुळाने भागा. नुसतं एवढं करून काहीच बदलत नाही. दोन्ही स्तंभांना एकच लॅम्डा ठेवला तर रिजचं उत्तर हुबेहूब पहिल्यासारखं येतं. लॅम्डा वेगवेगळे हवेत: बेरजेला सैल, फरकाला कडक. आणि फरक शून्याकडे न ओढता बॉक्स-स्कोअरवरून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून) काढलेल्या अंदाजाकडे ओढायचा. हे केल्यावर आणि २०२४-२५च्या ओळी घातल्यावर लॅम्डा बदलला तरी फरकाचं चिन्ह पलटत नाही. बऱ्याच खटपटीनंतर मिळालेली ही स्थिरता पाहून फार बरं वाटलं. फरकाचा आकडा मात्र अजून त्याच्या स्वतःच्या प्रमाण-चुकीच्या पट्ट्यापेक्षा लहान आहे, म्हणून कोण वरचढ ते इथे छापत नाही. बेरीज भरवशाची आहे.

याच वाटेवरचे खड्डे, नव्याने हे करणाऱ्यांसाठी:

क्वार्टर सुरू होताना मैदानावर कोण पाच आहेत हे प्ले-बाय-प्लेमध्ये (सामन्यातल्या घडामोडींच्या क्रमवार नोंदीत) लिहिलेलं नसतं. एखादा खेळाडू पूर्ण क्वार्टर खेळला आणि त्याच्या नावावर एकही नोंद पडली नाही, तर तो तुमच्या तक्त्यातून गायब होतो आणि चौघांची लाइनअप तयार होते. त्या क्वार्टरपुरता बॉक्स-स्कोअर मागवून मिनिटं ताडून पाहा. फ्री थ्रोच्या मध्ये बदली झाली तर ते गुण फाउल झाला तेव्हाच्या पाच जणांना द्या. आक्रमक रिबाउंडने पझेशन संपत नाही, हेही पुन्हा तपासा. हा सगळा व्याप नको असेल तर पीबीपी-स्टॅट्सची तयार विभागणी घ्या. यात तिच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

क्रॉस-व्हॅलिडेशन (बाजूला ठेवलेल्या तुकड्यांवर मॉडेल तपासून लॅम्डा ठरवणं) करताना तुकडे सामन्यानुसार पाडा, स्टिंटनुसार नाही. एकाच सामन्यातले स्टिंट दोन्ही बाजूंना गेले तर लॅम्डा हवा त्यापेक्षा कमी निघतो.

आर या भाषेतलं जीएलएमनेट हे पॅकेज वापरत असाल तर स्तंभ प्रमाणित करण्याचा पर्याय बंद करा. तो मुळात चालू असतो, आणि त्यामुळे कमी मिनिटं खेळलेल्यांवर बंधन कमी पडून बेंचवरची पोरं सुपरस्टार दिसू लागतात. तिथला लॅम्डा आणि पायथनच्या सायकिट-लर्नमधला अल्फा यांची मापंही वेगळी, एकाचा आकडा दुसऱ्यात चिकटवू नका. स्प्रेडशीटवर हे काम करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. विरळ (बहुतेक शून्यांचं) मॅट्रिक्स तिथे पेलत नाही.

आता मूळ प्रश्न. प्लेऑफमध्ये दोघं ४०-४० मिनिटं खेळले आणि एक तरी कायम मैदानावर ठेवला, तर एकत्र मिनिटं ३२, एकेकट्याची ८ अधिक ८. म्हणजे सामन्याचा तिसरा हिस्सा एकट्याच्या जिवावर. उदाहरणादाखल धरा: एकत्र असताना शंभर पझेशनमागे +८, एकेकटे असताना −४. सरासरी +४ येते. सामन्यातल्या फरकाचं विचलन १२.५ धरलं तर एक सामना जिंकण्याची शक्यता ६२.५ टक्के, सातपैकी चारची मालिका ७६ टक्के, सलग चार मालिका ३३ टक्के. आता फक्त ती १६ मिनिटं −४ वरून शून्यावर आणा. सरासरी +५.३, मालिका ८२ टक्के, विजेतेपद ४६ टक्के. घरच्या मैदानाचा फायदा यात धरलेला नाही. जोडीच्या चमकदार मिनिटांना हातही न लावता एवढा फरक पडतो!

हे आकडे मांडल्यावर पुढचं नियोजन बदलावं लागलं. पुढे वयाचा आलेख घालायचा होता, तो मागे पडला. आता आधी डेझमंड बेनचा स्तंभ.

जून २०२५मध्ये ऑर्लँडोने बेनसाठी कॅल्डवेल-पोप, कोल अँथनी आणि ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या निवडीतले) पहिल्या फेरीचे चार पिक दिले, वर एक अदलाबदलीचा हक्क. किंमत भारी म्हणून ओरड झाली. आमच्या मते ती योग्य आहे, कारण भोक नेमकं तिथेच होतं. २०२४-२५मध्ये हा संघ बचावात लीगमध्ये दुसरा होता आणि तरी ४१-४१ वर थांबला, कारण थ्रीमध्ये (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकीत) ३१.८ टक्क्यांसह सगळ्यांत शेवटी. बँकेरोने सरासरी २५.९ गुण केले, वॅग्नरने २४.२, पण वॅग्नरची थ्रीची टक्केवारी सलग दोन मोसम तिशीच्या खाली. दोघंही रिंगकडे घुसणारे. कोपऱ्यात कोणी घाबरवणारा नसेल तर बचाव आत गोळा होतो. बेन कारकिर्दीत ४१ टक्क्यांच्या आसपास मारतो आणि चेंडू हातात घेऊन खेळही उभा करू शकतो. ती १६ मिनिटं सावरायला असाच माणूस लागतो.

बोस्टन सेल्टिक्सच्या टेटम–ब्राउन जोडीचा दाखलाही हेच सांगतो. २०१८मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना घरी हरले, २०२२मध्ये अंतिम मालिकेत २-१ आघाडीवरून वॉरियर्सकडून हरले, २०२३मध्ये मायामीकडून पुन्हा घरीच सातवा. मग पोर्झिंगिस आणि हॉलिडे आले, डेरिक व्हाइट आधीच होता, आणि २०२४मध्ये ६४-१८, प्लेऑफमध्ये १६-३, विजेतेपद. उलट बाजूला २०१२चं ओक्लाहोमा: ड्युरँट आणि वेस्टब्रूक दोघंही २३चे, अंतिम मालिकेत हीटकडून ४-१ हार, आणि काही महिन्यांत तिसरा माणूस हार्डन संघाबाहेर. शॅक (ओ'नील) आणि पेनी (हार्डवे) यांची १९९५ची मॅजिक तुलनेला घ्यायची फार इच्छा होती, पण प्ले-बाय-प्ले १९९६-९७पासूनच मिळतं, त्यामुळे ती जोडी बॉक्स-स्कोअरवरच तोलावी लागेल.

बेनसाठी साधा स्तंभ पुरणार नाही. मैदानावर किती शूटर आहेत याचा वेगळा स्तंभ हवा, आणि शूटर कोण हे कच्च्या टक्क्यांवर ठरवायचं नाही. प्रत्येकाच्या खात्यात ३६ टक्क्यांचे २४० काल्पनिक प्रयत्न घाला: ४५ पैकी २० मारणारा कच्च्या हिशेबात ४४.४ टक्के दिसतो, असा घातल्यावर ३७.३. उंबरठा ३६.५ ठेवून पाहतो आहोत. अडचण एकच: तीन मोसमांत ऑर्लँडोच्या बँकेरो किंवा वॅग्नर एकटा असलेल्या ओळींमध्ये तीन शूटर एकत्र असल्याचे स्टिंट मोजकेच, म्हणून हा स्तंभ अख्ख्या लीगवर बसवून मग ऑर्लँडोला लावावा लागेल. लीगभरच्या ओळींसाठी क्वार्टर-सुरुवातीचे पाच ज्यांनी आधीच ताडून ठेवले असतील, त्यांनी २०२२-२३ची फाइल द्यावी. त्या मोसमात आमच्याकडे अजून चौघांच्या लाइनअप सापडत आहेत.